गाई-म्हशींचा माज, गाभणपण आणि वेत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पशुवैद्यक म्हणून गोठ्यांवर फिरताना जे प्रश्न मला वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांतले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे देताना प्रामुख्याने पश्चिम महाराष्ट्रातील संकरित होल्स्टिन व जर्सी गाई, खिल्लार गाई आणि मुऱ्हा व पंढरपुरी म्हशी डोळ्यांसमोर होत्या. औषधांची मात्रा मुद्दाम दिलेली नाही, कारण ती जनावर तपासल्याशिवाय ठरवता येत नाही.

गाय माजावर आली हे कशावरून ओळखावे?

गाय हंबरते, अस्वस्थ होते, वैरण अर्धवट टाकते, वारंवार थोडी थोडी लघवी करते, दूध एकाएकी कमी देते आणि योनीतून स्वच्छ, चिकट, तार धरणारा सोट टाकते. ही सगळी लक्षणे उपयोगी आहेत. पण खात्रीचे लक्षण एकच, ते म्हणजे दुसरे जनावर पाठीवर चढले तरी गाय न हलता उभी राहणे. येथे एक गल्लत नेहमी होते. जी गाय दुसरीवर चढते ती माजावर असेलच असे नाही. जी चढू देते ती असते.

आपल्याकडे बहुतेक गाई दिवसभर दावणीला बांधलेल्या असतात, त्यामुळे हे खात्रीचे लक्षण दिसण्याची सोयच नसते. म्हणून सकाळ-संध्याकाळ अर्धा तास जनावरे मोकळी सोडावीत आणि त्या वेळी मोबाइल खिशात ठेवून त्यांच्याकडे पाहावे. मोकळी सोडणे शक्य नसेल तर गाय बसलेली असताना तिच्या मागची जागा पाहावी. बसल्यावर पोटाचा दाब पडून सोट जमिनीवर येतो, आणि शेपटीच्या केसांना व पुठ्ठ्याला लागलेला सोट वाळला की खळ लावल्यासारखा कडक होऊन चमकतो. गोठा धुण्याआधी ही पाहणी झाली पाहिजे, कारण पाण्याचा पाइप फिरला की पुरावा गटारात जातो.

माज दिसल्यावर किती वेळाने भरवावी?

सकाळी माज दिसला तर त्याच दिवशी संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी कृत्रिम रेतन करावे, हा नियम जुना असला तरी आजही उपयोगी आहे. त्यामागचे कारण समजले की तो पाळणे सोपे जाते. गाईचा माज साधारण १२ ते १८ तास टिकतो आणि स्त्रीबीज माज संपल्यानंतर सुमारे १० ते १४ तासांनी सुटते. सुटलेले बीज काही तासच फलनक्षम राहते. शुक्राणूंना मात्र गर्भाशयातून बीजवाहिनीपर्यंत पोहोचून फलनास तयार होण्यासाठी काही तास लागतात आणि ते साधारण एक दिवस तग धरतात. म्हणजे बीज येण्याआधी शुक्राणू तेथे तयार असले पाहिजेत. पण इतके आधीही नकोत की ते वाट पाहून मरून जातील. माजाचा उत्तरार्ध ही वेळ या हिशेबातून निघाली आहे.

गाय २४ तासांनंतरही माजावर दिसत असेल तर पुन्हा एकदा रेतन करून घ्यावे.

आमची गाय दर वेळी उलटते, म्हणजे भरवूनही पुन्हा माजावर येते. दोष गाईचा, वीर्याचा की रेतन करणाऱ्याचा?

या प्रश्नात बहुधा एक चौथी शक्यता राहून गेलेली असते, ती म्हणजे वेळ. एका गोठ्यावर तिसऱ्या वेताची एक होल्स्टिन गाय पाच वेळा उलटली होती. मालक रोज पहाटे धार काढताना माज पाहत आणि त्याच संध्याकाळी गाय भरवून घेत. नियमाप्रमाणे सर्व बरोबर. सोट काचेसारखा स्वच्छ होता, गर्भाशयात काही दोष हाताला लागत नव्हता. घरातला धाकटा मुलगा कारखान्यात दुसऱ्या पाळीला होता आणि रात्री अकराच्या सुमारास घरी येत असे. त्याला मी गाडी लावताना गोठ्यात एक फेरी मारायला सांगितली. पुढच्या खेपेस त्याला रात्रीच गाय सोट टाकताना आणि शेजारच्या गाईवर हनुवटी टेकवताना दिसली, आणि सकाळी भरवल्यावर ती गाभण राहिली. पहाटे जो माज ‘सुरू झाला’ असे घरचे समजत होते, तो आदल्या रात्रीच सुरू होत असे, आणि संध्याकाळपर्यंत उशीर होत असे. माजाची हालचाल रात्री आणि पहाटे अधिक असते, हे लक्षात घेतले पाहिजे.

ज्या गाईचे माजचक्र नियमित आहे, जननेंद्रियात उघड दोष नाही आणि तरीही तीन किंवा अधिक वेळा भरवूनही जी राहत नाही, तिला वारंवार उलटणारी गाय म्हणतात. वेळ तपासून झाली की पुढची पाहणी सोटाची करावी. स्वच्छ व पारदर्शक सोट चांगला. त्यात दह्यासारखे पांढरे कण, पिवळसर झाक किंवा दुर्गंधी असेल तर गर्भाशयाचा संसर्ग आहे आणि त्या माजात रेतन न करता उपचार करणे योग्य ठरते. उपचारासाठी एक माज सोडून द्यावा लागतो, हे अनेकांना पटत नाही. परंतु संसर्ग झालेल्या गर्भाशयात वीर्यमात्रा सोडल्याने मात्रा वाया जाते आणि २१ दिवसही जातात.

तिसरे कारण आहाराचे. व्याल्यानंतर पहिले दोन-अडीच महिने दुधाचा भर वाढत असतो आणि भूक मात्र तितक्या वेगाने वाढत नाही, त्यामुळे जास्त दूध देणारी गाय स्वतःच्या अंगावरची चरबी जाळून दूध देते. या काळात बरगड्या झपाट्याने उघड्या पडत गेल्या तर बीजांडाचे काम मंदावते, बीज उशिरा सुटते किंवा सुटतच नाही. अशा गाईला इंजेक्शनांपूर्वी पुरेसा खुराक, चांगल्या प्रतीचा मुरघास आणि रोज खनिज मिश्रण मिळते का, हे पाहिले पाहिजे. बीजांडावरील गाठी, उन्हाळ्यातील उष्णतेचा ताण आणि फलन होऊनही पहिल्या काही आठवड्यांत गर्भ जिरून जाणे ही इतर कारणे आहेत. शेवटच्या प्रकारात गाय २१ दिवसांनी न उलटता ३०, ३५ किंवा ४० दिवसांनी उलटते, म्हणून प्रत्येक माजाची तारीख लिहिलेली असेल तर निदान निम्मे तेथेच होते.

म्हैस माज दाखवतच नाही. काय करावे?

म्हैस माजावर येते. ती तो आपल्याला सांगत नाही इतकेच. म्हशीत मुका माज फार आढळतो. ती एकमेकींवर क्वचितच चढते, आणि तिचा सोट गाईसारखा लोंबत नाही, तर धार काढताना किंवा बसल्यावर थोडासा दिसतो. दूध चोरणे, सड ताठरणे, वारंवार लघवी करणे, मान वर करून हुंगणे आणि अवेळी रेकणे या खुणांवर लक्ष ठेवावे लागते.

त्यातही म्हैस ही दिवस लहान होत जाणाऱ्या ऋतूत अधिक नियमित माजावर येणारी जात आहे. आश्विन-कार्तिकापासून थंडी संपेपर्यंत तिचा माज चांगला दिसतो आणि चैत्र-वैशाखात मंदावतो. उन्हाळ्यात दुपारी सावली, अंगावर पाणी किंवा डुंबायला जागा मिळाली तर फरक पडतो. आलेला हिवाळा मात्र हातचा घालवू नये. ज्या म्हशी दिवाळीनंतर रिकाम्या आहेत, त्या सर्वांची त्याच सुमारास तपासणी करून घ्यावी.

भरवल्यानंतर दोन दिवसांनी गाईच्या शेपटीला रक्त दिसले. गर्भ पडला का?

नाही. माज संपल्यावर एक ते तीन दिवसांत काही गाईंना, विशेषतः कालवडींना, थोडे रक्त जाते. ते गाय राहिली किंवा राहिली नाही यांपैकी काहीच सांगत नाही. माज येऊन गेला एवढेच ते सांगते. माज निसटला असेल आणि असे रक्त दिसले, तर त्या दिवसापासून साधारण १८-२० दिवसांनी पुढच्या माजाची वाट पाहावी.

रेतन करून घेताना पशुपालकाने काय पाहावे?

वीर्यकांडी द्रवरूप नत्रात उणे १९६ अंश सेल्सिअसला साठवलेली असते. ती बाहेर काढल्यावर ३७ अंशांच्या कोमट पाण्यात सुमारे ३० सेकंद ठेवून, पुसून, लगेच वापरायची असते. कांडी खिशात घालून किंवा तळहातावर चोळून वितळवणे चूक आहे. रेतन करणाऱ्याकडे तापमापक आणि कोमट पाण्याचे भांडे नसेल तर घरातून गरम पाणी आणून द्यावे आणि तापमान पाहण्याचा आग्रह धरावा, यात कोणाचा अपमान नाही.

कांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. तो आणि गाईच्या कानातील बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक तारखेसह नोंदवून घ्यावा. हे केले नाही तर तीन वर्षांनी त्याच वळूचे वीर्य त्याच्याच मुलीला भरले जाते.

लिंगनिर्धारित वीर्यमात्रेने सुमारे ९० टक्के वेळा कालवड होते. मात्र त्या कांडीत शुक्राणूंची संख्या कमी असल्याने गर्भधारणेचे प्रमाण काहीसे कमी राहते. ती निरोगी कालवडींना किंवा पहिल्या-दुसऱ्या वेताच्या चांगल्या गाईंना वापरावी. आधीच उलटणाऱ्या गाईवर ती खर्च करू नये.

कालवड पहिल्यांदा कधी भरवावी?

वयापेक्षा वजन पाहावे. पूर्ण वाढलेल्या गाईच्या वजनाच्या ६० ते ६५ टक्के वजन झाले, म्हणजे होल्स्टिन संकरित कालवड साधारण २५० ते २७५ किलोंची झाली की ती भरवण्यास योग्य असते. चांगल्या संगोपनात हे वजन १५ ते १८ महिन्यांत गाठता येते. देशी कालवडींना अधिक काळ लागतो. माज दिसला म्हणून लहान कालवड भरवली की ती नऊ महिन्यांनी विताना अडते.

२१ दिवसांनी गाय उलटली नाही, म्हणजे ती गाभण आहे असे समजावे का?

समजू नये. माज मुका गेला असेल, रात्री येऊन गेला असेल किंवा बीजांडाचे चक्रच थांबले असेल. सोनोग्राफीने २८ ते ३० दिवसांनंतर आणि हाताने तपासून अनुभवी पशुवैद्यकाला दीड ते दोन महिन्यांनंतर गर्भ सांगता येतो. भरवल्यानंतर तीन महिने उलटून गेले तरी तपासणी झालेली नाही, असे एकही जनावर गोठ्यात असू नये. पाचव्या महिन्यात ‘गाय रिकामी आहे’ हे ऐकण्यासारखा महागडा क्षण दुग्धव्यवसायात दुसरा नाही, कारण तोपर्यंत काही वेळा गाय आटवायलाही घेतलेली असते.

उलटही घडते. थोड्या गाई गाभण असूनही माजाची लक्षणे दाखवतात. अशा गाईला न तपासता पुन्हा भरवले तर रेतन नळी गर्भाशयाच्या मुखातील घट्ट बूच फोडून आत जाते आणि गाय गाभडते, म्हणजे तिचा गर्भ पडतो. त्यामुळे आधी भरवलेली गाय दीड-दोन महिन्यांनी माजावर दिसली तर आधी तपासणी आणि मगच रेतन.

वेताची तारीख कशी काढावी?

संकरित गाईचा गर्भकाळ सुमारे २८० दिवसांचा आणि म्हशीचा सुमारे ३१० दिवसांचा असतो. जुनी माणसे ‘गाय नऊ महिने नऊ दिवस, म्हैस दहा महिने दहा दिवस’ म्हणतात आणि तो अंदाज दोन-चार दिवसांच्या फरकाने बरोबर येतो. १ जूनला भरवलेली गाय ८ मार्चच्या आणि म्हैस ७ एप्रिलच्या आसपास विते. देशी गाई काही दिवस अधिक घेतात. गर्भ नर असेल तर एखाद-दुसरा दिवस आणखी जातो.

गाभण गाय कधी आटवावी? दूध चालू असताना ते बंद का करायचे?

वेताच्या तारखेपूर्वी दोन महिने. कासेतील दूध तयार करणाऱ्या पेशी या काळात नव्याने घडतात आणि गर्भाच्या जन्मवजनाचा बहुतांश भाग शेवटच्या अडीच-तीन महिन्यांतच वाढतो. या दोन महिन्यांचे रोजचे चार-पाच लिटर दूध सोडवत नाही म्हणून जो काढत राहतो, तो पुढच्या वेतातून ते अनेक पटींनी परत देतो.

आटवताना खुराक आठवडाभर कमी करावा आणि मग धार पूर्ण थांबवावी. शेवटच्या धारेनंतर चारही सडांत आटवणीची औषधी नळी सोडावी. दगडी (कासदाह) झालेली गाय न तपासता आटवू नये.

गाभण गाईला शेवटच्या दिवसांत कॅल्शियमच्या बाटल्या पाजाव्यात का?

हेतू चांगला असतो. परिणाम बहुधा उलटा होतो. वेताच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळाले की हाडांतून कॅल्शियम काढण्याची शरीराची यंत्रणा सुस्तावते. व्याल्याबरोबर चिकातून एकदम मोठ्या प्रमाणात कॅल्शियम बाहेर जाऊ लागते, तेव्हा ती यंत्रणा वेळेवर जागी होत नाही आणि गाय बसते ती उठत नाही. या आठवड्यांसाठीचे खनिज मिश्रण आणि क्षार वेगळे असतात. ते पशुवैद्यकांना विचारून द्यावेत. कॅल्शियम द्यायचे ते व्याल्यानंतर.

याच्याशी जोडलेली दुसरी गोष्ट उसाच्या पट्ट्यातली आहे. गळीत हंगामात महिनोन्‌महिने केवळ वाढ्यावर, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पाल्यावर, जनावरे ठेवली जातात. वाढ्यातील ऑक्झलेट आहारातल्या कॅल्शियमला बांधून टाकते आणि ते शेणावाटे निघून जाते, त्यामुळे गाभणपणाचा सगळा काळ हाडे झिजत राहतात. वाढे द्यायचेच असेल तर सोबत कडबा, लसूणघास किंवा मुरघास असावा आणि वाढ्याच्या कुट्टीवर चुन्याची निवळी शिंपडून मगच ती घालावी.

शेवटच्या दोन महिन्यांत खुराक टप्प्याटप्प्याने वाढवत न्यावा, जेणेकरून व्याल्यावर पोट एकदम बदलाला सामोरे जाणार नाही. गाय अति लठ्ठ मात्र होऊ देऊ नये. लठ्ठ गाय विताना अडते आणि नंतर कितनबाधेला (किटोसिस, म्हणजे रक्तात कीटोन वाढण्याच्या आजाराला) बळी पडते.

गाय व्यायला आली हे कसे कळते, आणि डॉक्टरांना कधी बोलवावे?

काही दिवस आधी कास भरते, सड टणक होतात, योनी सुजल्यासारखी मऊ व लांबट होते आणि शेपटीच्या दोन्ही बाजूंचे बंध ढिले पडून तेथे खळगे दिसू लागतात. यालाच आपल्याकडे पुठ्ठे बसणे म्हणतात. बंध पूर्ण ढिले पडले की बहुधा एका दिवसात गाय विते. त्या दिवशी तिला स्वच्छ, कोरड्या, भुसा किंवा पाचट टाकलेल्या जागी मोकळी ठेवावी आणि बघ्यांची गर्दी होऊ देऊ नये.

पहिल्या टप्प्यात गाय ऊठबस करते, पोटाकडे वळून पाहते, थोडे थोडे शेण टाकते. हा टप्पा दोन ते सहा तासांचा असतो आणि पहिलारू कालवडीत याहून लांबतो. येथे घाई करू नये. नंतर पाणमोट (गर्भाभोवतीची पाण्याची पिशवी) दिसते आणि जोराच्या कळा सुरू होतात. सरळ असलेल्या वासराचे दोन्ही पुढचे पाय आणि त्यांवर टेकलेले तोंड, असे विहिरीत सूर मारणाऱ्या मुलासारखे रूप दिसते. खुरांचे तळवे जमिनीकडे असतात. तळवे आकाशाकडे असतील तर बहुधा मागचे पाय आहेत. शंका असल्यास, हात कोपरापर्यंत साबणाने धुऊन पायावरून वर न्यावा. खुरापासूनचे पहिले दोन सांधे एकाच दिशेने वाकत असतील तर तो पुढचा पाय. विरुद्ध दिशांना वाकत असतील तर मागचा.

पुढीलपैकी काहीही दिसले तर वाट न पाहता पशुवैद्यकांना बोलवावे. पाणमोट दिसून किंवा फुटून दोन तास झाले तरी प्रगती नाही. एकच पाय दिसतो. पाय दिसतात पण तोंड नाही. केवळ शेपूट दिसते. किंवा कळा येऊन एकदम थांबल्या. शेवटचे लक्षण म्हशीत विशेष गंभीर असते. म्हैस दिवसभर अस्वस्थ राहते, पाय झाडते, कळा देते न देते आणि बाहेर काहीच दिसत नाही, तेव्हा गर्भाशयाला पीळ पडल्याची शंका घ्यावी. पीळ कोणत्या बाजूला आहे हे आत हात घालून ठरवावे लागते. मग म्हशीला त्या बाजूवर पाडून, पोटावर लाकडी फळी ठेवून, तिच्यावर एकाने उभे राहून तिला लोळवले जाते. लवकर कळले तर पीळ सुटून रेडकू जिवंत मिळते. बाजू न ठरवता घरच्या घरी लोळवले तर पीळ घट्ट होतो.

ओढण्याची वेळ आलीच तर दोरी प्रत्येक पायाला वेगळी, खुराच्या वरच्या सांध्याच्या वर बांधावी. दोन-तीन माणसांपेक्षा अधिक नकोत. कळ आली की ओढावे, कळ थांबली की थांबावे, आणि तोंड बाहेर आल्यावर ओढ सरळ मागे न ठेवता गाईच्या मागच्या गुडघ्यांच्या दिशेने खाली घ्यावी. ट्रॅक्टरला दोर बांधून ओढलेली वासरे मी पाहिली आहेत. त्यांच्या आया पुन्हा उठल्या नाहीत. तसेच ‘कळा वाढवायला’ ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन स्वतःहून देऊ नये. गर्भाशयाचे मुख बंद असताना किंवा वासरू आडवे असताना त्याने गर्भाशय फाटते.

अडलेल्या जनावरासाठी १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करता येतो. फोनवर किती वाजता पाणमोट दिसली, कितवे वेत आहे आणि बाहेर काय दिसते, या तीन गोष्टी आधी सांगाव्यात.

जार (वार) पडेपर्यंत वासराला चीक पाजू नये, असे घरचे सांगतात. हे खरे आहे का?

हा समज मी ज्या-ज्या गावात गेलो तेथे भेटला आहे, आणि त्यापायी किती वासरे गेली असतील याचा हिशेब लागत नाही. गाईच्या वारेतून रोगप्रतिकारक घटक गर्भापर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे वासरू जन्मते ते संपूर्ण निःशस्त्र. चिकातून मिळणारे हे घटक त्याच्या आतड्यातून रक्तात शोषले जाण्याची क्षमता तासातासाने घटत जाऊन साधारण २४ तासांत संपते. म्हणून पहिल्या एक-दोन तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे आणि पहिल्या दिवसात वासराच्या वजनाच्या १० टक्के, म्हणजे ३० किलोंच्या वासराला सुमारे तीन लिटर, इतका चीक द्यावा. राहिलेल्याचा खरवस खुशाल करावा.

शिवाय वासरू कासेला लागले की गाईच्या शरीरात जो पान्ह्याचा स्राव सुटतो, तोच गर्भाशय आकुंचित करून जार पडायला मदत करतो. म्हणजे आजीच्या सल्ल्याच्या बरोबर उलट केले तर आजीला हवे तेच घडते.

वासराच्या नाळेवर टिंक्चर आयोडीन लगेच लावावे आणि संध्याकाळी पुन्हा लावावे.

जार अडकला तर?

बहुतेक गाई आठ तासांच्या आत जार टाकतात. बारा तासांनंतरही पडला नाही तर तो अडकला असे समजावे. लोंबणाऱ्या जाराला वीट, चप्पल किंवा दगड बांधण्याची पद्धत सोडून द्यावी. त्याने जार तुटतो, गर्भाशयाला जखम होते आणि क्वचित गर्भाशयच उलटून बाहेर येते. हात घालून ओढून काढण्याचा आग्रहही धरू नये. पूर्वी आम्हीही तसे काढत असू. आता गाईला ताप नसेल, ती खात-पीत असेल, तर जार आपोआप सुटू देणे अधिक सुरक्षित मानले जाते. लोंबता भाग जमिनीवर घासत असेल तर तेवढाच कापावा. ताप, दुर्गंधी, खाणे बंद, यांपैकी काही दिसले की उपचार त्याच दिवशी सुरू झाले पाहिजेत. पडलेला जार कुत्र्यांना न टाकता खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा.

मायांग (योनी किंवा गर्भाशय) बाहेर आले आहे. डॉक्टर येईपर्यंत काय करावे?

आधी गाईला इतर जनावरांपासून व कुत्र्या-कावळ्यांपासून वेगळे करावे. मागची बाजू उंचावर येईल असे उभे करावे किंवा बसवावे. बाहेर आलेला भाग स्वच्छ थंड पाण्याने धुवून ओल्या स्वच्छ धोतरात किंवा चादरीत गुंडाळून धरावा. सूज फार असेल तर त्यावर साखर पसरल्याने पाणी सुटून ती उतरते. गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यांत बसल्यावर दिसणारे आणि उठल्यावर आत जाणारे अंग वेगळे आणि व्याल्यानंतर पूर्ण बाहेर आलेले गर्भाशय वेगळे. दुसऱ्यात प्रत्येक तास मोलाचा असतो.

काल व्यालेली गाय आज उठत नाही, कान थंड पडले आहेत. थंडी बाधली का?

हा दुग्धज्वर आहे. नावात ज्वर असला तरी यात ताप नसतो, उलट अंग गार पडते. तिसऱ्या वेतापुढच्या जास्त दुधाच्या गाईंना व्याल्यानंतर दोन-तीन दिवसांत हा बहुधा होतो. गाय मान बरगडीवर वळवून सुस्त बसते. तोंडाने काहीही पाजू नये, कारण तिला गिळता येत नाही आणि औषध फुप्फुसात जाते. ती आडवी पडली असेल तर भरलेली पोती टेकवून छातीवर बसती करावी.

शिरेतून कॅल्शियम सावकाश, हृदयाचे ठोके ऐकत द्यावे लागते. बाटली अर्ध्यावर आली की स्नायू थरथरतात, गाय ढेकर देते, कोरड्या नाकपुडीवर दवासारखे थेंब उमटतात आणि ती शेण टाकते. बरीच वर्षे झाली तरी हे पाहताना मला अजून बरे वाटते. पुढचे दोन-तीन दिवस कास पूर्ण रिकामी करू नये.

सातव्या महिन्यात गाय गाभडली. पुढे काय?

पडणे, शिंग लागणे, बुरशी लागलेला चारा, कोणताही मोठा ताप अशी कारणे असू शकतात. २०२२ मध्ये लम्पीच्या साथीतही गाई गाभडल्या. पण सहाव्या महिन्यापुढचा गर्भपात, त्यातही सोबत जार अडकलेला असेल, तर तो अन्य काही सिद्ध होईपर्यंत सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेल्लोसिस मानून वागावे. हा आजार माणसांना होतो. येऊन-जाऊन राहणारा ताप, रात्रीचा घाम आणि सांधेदुखी महिनोन्‌महिने पाठ सोडत नाहीत. म्हणून पडलेला गर्भ व जार उघड्या हातांनी उचलू नये, गरोदर स्त्रियांनी त्या गोठ्यात काम करू नये, दूध उकळल्याशिवाय पिऊ नये. गर्भ व जार चुन्यासह खोल पुरावेत, जागा जंतुनाशकाने धुवावी, गाय वेगळी बांधावी आणि तिच्या रक्ताची तपासणी करून घ्यावी. अशी गाय बाजारात नेऊन विकणे म्हणजे दुसऱ्याच्या गोठ्यात आग लावणे होय.

या आजारावरची लस फक्त ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना, आयुष्यात एकदाच टोचतात. मोठ्या गाभण गाईंना आणि नर वासरांना ती देत नाहीत. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या खुरकूताबरोबर या लसीचाही समावेश आहे. आपल्या वाडीत पथक आले की कालवडी आणि पारड्यांचे वय पाहून त्या पुढे कराव्यात.

व्याल्यानंतर पुन्हा कधी भरवावी?

गर्भाशय पूर्ववत होण्यास सुमारे ४० ते ४५ दिवस लागतात. पहिल्या दोनेक आठवड्यांत तांबूस-तपकिरी स्राव जाणे नैसर्गिक आहे; त्याला घाण वास येत असेल तर नाही. साठ दिवसांपुढील पहिल्या चांगल्या माजावर भरवावे. २८० दिवसांत ८५ मिळवले की ३६५ होतात, म्हणून गाय व्याल्यापासून तीन महिन्यांच्या आत पुन्हा गाभण राहिली तरच वर्षाला वेत मिळते. म्हशीच्या बाबतीत तोच हिशेब तेरा महिन्यांवर जातो. साठ दिवसांत माज दिसलाच नाही तर वाट न पाहता तपासणी करावी.

गाभण जनावराला जंताचे औषध चालते का?

चालते, पण सगळी नाहीत. अल्बेंडाझोल गाभणपणाच्या सुरुवातीच्या दीड महिन्यात देऊ नये.

गाईला जुळे झाले, एक गोऱ्हा आणि एक कालवड. कालवड वाढवावी का?

दुधासाठी वाढवायची असेल तर बहुधा निराशा होईल. गर्भात दोघांच्या वारेतील रक्तवाहिन्या जोडल्या जातात, गोऱ्ह्याचे स्राव कालवडीच्या शरीरात जातात आणि तिची जननेंद्रिये अपुरी राहतात. अशा दहापैकी नऊहून अधिक कालवडी वांझ निघतात. दोन्ही कालवडी किंवा दोन्ही गोऱ्हे असतील तर ही अडचण येत नाही. कालवड महिन्याभराची झाली की पशुवैद्यक गुळगुळीत टोकाची बारीक नळी हळूच योनीत सरकवून तिची लांबी पाहतात. वांझ कालवडीत ती नेहमीच्या सुमारे एक तृतीयांश अंतरावरच अडते, आणि तिला दोन वर्षे पोसायची की नाही हे त्याच दिवशी ठरवता येते.